जाहिरातीच्या पानामागची धूळ

जाहिरातीतले चित्र कापायला घेतले की ते किती घासूनपुसून ठेवलेले आहे, हे डोळ्यांच्या आधी कात्रीला कळते. शर्टाची घडी मोडलेली नसते, बोटांच्या पेरांवर एकही चरा नसतो आणि टेबलावर पडलेली सावलीसुद्धा कोणीतरी मोजूनमापून पाडलेली असते. पान उलटताना अशा चित्रावर आपली नजर एखाद-दुसरा क्षणच ठरते. तेच चित्र केसांच्या कडेने, बोटांच्या मधून, बाहीच्या वळणावरून कापायचे झाले, तर अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि इतका वेळ त्याच्याकडे कोणी पाहत बसेल हे ते तयार करणाऱ्यांनी गृहीतच धरलेले नसते. गेली काही वर्षे मी जुन्या मासिकांतली आणि पत्रकांतली चित्रे कापून, तर हल्ली मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिराती छापून घेऊन, कोलाज, म्हणजे तुकडे जुळवून चिकटवलेली चित्रे, करते आहे. विषय बहुतेक वेळा एकच असतो: विकत घेतलेल्या वस्तूतून ती घडवणारा माणूस नेमका कुठे पुसला गेला.

हेच लेख लिहून किंवा चित्र रंगवूनही सांगता येईल, हे मला मान्य आहे. तरीही मी कोलाजकडे वळले, कारण त्यात पुरावा दुसऱ्याचा असतो. मी चकचकीत स्वयंपाकघर रंगवले तर ते माझे मत ठरते. कापून आणलेले स्वयंपाकघर मात्र विकणाऱ्याने स्वतः, पैसे खर्चून, त्याला हवे तसे मांडलेले असते, आणि मी फक्त त्याच्या शेजारी दुसरा कागद आणून ठेवते. समोरच्याच साक्षीदाराची ही उलटतपासणी आहे. या माध्यमाला बाजाराचा स्पर्श अगदी आरंभापासून झालेला आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. पिकासोने 1912 साली आपल्या चित्रात जो तुकडा चिकटवला, तो खुर्चीच्या वेताच्या विणीची छापील नक्कल असलेल्या मेणकापडाचा होता, म्हणजे कारखान्यात निघालेला स्वस्त माल. पुढे 1919 मध्ये कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने एका बँकेच्या छापील नावातला ‘कोमर्त्स’, म्हणजे व्यापार, हा शब्द मधोमध कापला आणि उरलेल्या ‘मेर्त्स’ या अर्थहीन तुकड्याचे नाव आपल्या साऱ्या कलेला दिले. व्यापाराचे अर्धे अंग कापून टाकण्याची ही खोडी मला अजूनही आवडते.

पण ज्यांच्याकडून मी खऱ्या अर्थाने शिकले, त्या हाना ह्योख. पहिल्या महायुद्धाच्या काळात कलेच्या रूढ कल्पना उधळून लावणाऱ्या ‘दादा’ या कलाचळवळीच्या बर्लिनमधल्या गटातल्या या चित्रकर्तीने 1916 ते 1926 अशी दहा वर्षे उल्स्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत नोकरी केली. स्त्रियांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, विणकामाचे आणि लेसचे नमुने तयार करणे हे तिथले त्यांचे काम होते. ज्या छापखान्यातून नव्या स्त्रीची गोंडस चित्रे बाहेर पडत, त्याच छापखान्याच्या पगारावर त्या जगत होत्या, आणि घरी आल्यावर तीच मासिके कापत होत्या. त्यांच्या 1919–20 च्या सुमाराच्या ‘सुंदर मुलगी’ या कोलाजमध्ये पोहण्याच्या पोशाखातली एक तरुणी बसलेली आहे. तिच्या डोक्याच्या जागी विजेचा दिवा आहे, भोवती बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची गोल बोधचिन्हे विखुरली आहेत, एका हातात खिशातले घड्याळ आहे आणि मागे चेहरा नसलेली एक भलीमोठी केशरचना तरंगते आहे. मुलगी विकायची आहे की मोटार, हे त्या चित्रात ठरवता येत नाही, आणि ते ठरवता येऊ नये याची व्यवस्था ह्योख यांनी केलेली आहे. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कोलाजच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख येतो. घरकामाचे हत्यार आणि कलेचे हत्यार एकच, असे त्या नावातून मला ऐकू येते. चळवळीतल्या पुरुषांच्या घोषणांपेक्षा ती सुरी मला अधिक धारदार वाटते.

ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांचे 1956 चे कोलाज बहुतेक कलारसिकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने केलेल्या या छोट्याशा चित्रात अमेरिकन मासिकांतून कापलेली आधुनिक बैठकीची खोली आहे: दूरचित्रवाणी, टेपरेकॉर्डर, डबाबंद मांस, पिळदार शरीराचा पुरुष, सोफ्यावर विवस्त्र स्त्री. लोक या दोघांकडेच पाहतात. मला त्यात नेहमी तिसरी व्यक्ती दिसते. मागच्या जिन्यावर लाल पोशाखातली एक इवलीशी बाई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन उभी आहे, आणि साधा क्लीनर फक्त इथपर्यंतच पोहोचतो असे सांगणारा बाण तिच्याजवळ आहे. त्या भरगच्च खोलीत प्रत्यक्ष काम करणारी ती एकटीच आहे आणि चित्रात सगळ्यांत लहानही तीच आहे. हॅमिल्टन यांनी हे मुद्दाम केले की मूळ जाहिरातीच्या मापामुळे ते तसे घडले, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण उपभोगाच्या चित्रात श्रम किती आकाराचे असतात याचे माप तिथे आपोआप मिळते.

या बाईची पुढची भेट मला अमेरिकन कलावंत मार्था रोझलर यांच्या कामात झाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, साधारण 1967 ते 1972 या वर्षांत, त्यांनी केलेल्या मालिकेत एक गृहिणी पडद्यावरून क्लीनर फिरवते आहे आणि बाजूला सारलेल्या त्या पडद्यामागे खिडकीबाहेर सैनिक खंदकात बसलेले आहेत. दुसऱ्या एका चित्रात लाल पट्ट्याच्या पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराच्या दारापलीकडे सैनिक वाकून काहीतरी शोधत आहेत. रोझलर यांनी युद्धाची छायाचित्रे ‘लाइफ’सारख्या साप्ताहिकातून आणि घरांची चित्रे गृहसजावटीच्या मासिकांतून घेतली होती. ‘लाइफ’मध्ये तर युद्धाचे पान आणि सोफ्याची जाहिरात एकाच अंकात, एकाच टाचणीने जोडलेली असे. म्हणजे रोझलर यांनी दोन परक्या गोष्टी जबरदस्तीने एकत्र आणल्या असे म्हणता येत नाही; मुळात एकत्र असलेल्या आणि केवळ पान उलटल्यामुळे वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांनी एका पानावर आणल्या. ही चित्रे सुरुवातीला गॅलरीत टांगलेली नव्हती, तर त्यांच्या झेरॉक्स प्रती युद्धविरोधी मोर्चांमध्ये वाटल्या जात होत्या. चकचकीत मासिकाचा कागद उतरून साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवर येणे, हाही मला त्या चित्रांचाच भाग वाटतो.

इतके सगळे पाहून, वाचून मी माझे पहिले गंभीर म्हणावे असे कोलाज केले आणि ते साफ चुकले. ढाक्याजवळच्या सावर येथील राना प्लाझा ही आठ मजली इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि तिच्यातल्या शिलाई कारखान्यांत काम करणाऱ्यांसह 1134 माणसे मरण पावली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, मात्र शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावले गेले. मी त्या ढिगाऱ्याचे एक छायाचित्र छापून घेतले, त्यातून बाहेर आलेला एक हात कापला आणि पांढऱ्या शर्टातल्या हसऱ्या मॉडेलच्या खिशाजवळ चिकटवला. चित्र प्रभावी झाले आहे अशी माझी खात्री होती. एका मैत्रिणीने ते बराच वेळ पाहिले आणि मग शांतपणे विचारले, “शर्टातल्या माणसाला या फोटोचे पैसे मिळाले असतील. या हाताला काय मिळाले?”

मला उत्तर देता आले नाही. जाहिरात जसा मॉडेलचा देह वापरते, तसाच मी त्या मृत व्यक्तीचा देह वापरला होता. जिच्या श्रमाचा वापर झाला होता, तिचा मृत्यूनंतर पुन्हा एकदा, या वेळी माझ्या परिणामासाठी, वापर झाला होता, आणि मॉडेलने निदान संमती तरी दिली होती. ते कोलाज मी पाण्यात भिजवून सुटे केले. तेव्हापासून एक नियम पाळते आहे: पीडित माणसाचा चेहरा किंवा देह कापायचा नाही. या नियमाने रोझलर यांच्या चित्रांतली काही चित्रेही मला अडचणीत टाकतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घराच्या जिन्यावरून जखमी मूल हातांवर घेऊन चढणाऱ्या माणसाचे त्यांचे चित्र मी अजूनही निःशंक मनाने पाहू शकत नाही. मात्र ते मोर्चात हातोहात वाटण्यासाठी, युद्ध चालू असताना केलेले होते, आणि माझे कोलाज माझ्या भिंतीसाठी होते; हा फरक लहान नाही.

देह वगळायचा, तर मग उरते काय, हा प्रश्न पुष्कळ दिवस सुटत नव्हता. त्याचे उत्तर मला जीन्सच्या एका जाहिरातीने दिले. मांड्यांवर आणि गुडघ्यांवर रंग उडालेली, वर्षानुवर्षे वापरल्यासारखी दिसणारी कोरी जीन्स, हे त्या जाहिरातीचे मुख्य आकर्षण होते. नव्या कापडाला हे जुनेपण देण्याचा एक मार्ग म्हणजे सँडब्लास्टिंग: दाबाखालच्या हवेने वाळूचा झोत कापडावर मारायचा, म्हणजे निळीचा वरचा थर निघून जातो आणि हवा तिथे पांढरटपणा येतो. त्या वाळूतल्या स्फटिकरूप सिलिकाचे कण इतके बारीक होतात की ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, तिथे व्रणाच्या गाठी तयार करतात, आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या आजारावर बरे करणारा उपाय नाही. खाणीत काम करणाऱ्यांना हा आजार सहसा पुष्कळ वर्षांनी गाठतो. तुर्कस्तानात डॉक्टरांना तो जीन्सच्या छोट्या कार्यशाळांत काम केलेल्या तरुण मुलांमध्ये, काही वर्षांच्या कामानंतरच, दिसू लागला. तुर्कस्तानने 2009 मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. त्यानंतर बांगलादेश आणि चीनमधल्या कारखान्यांत ती चालू असल्याचे अहवाल आले, कारण ग्राहकाला उडालेला रंग हवाच होता.

हे वाचल्यावर मी जाहिरातीतल्या त्या जीन्सवर काहीही चिकटवले नाही. सुतारकामात वापरतात तो पॉलिश पेपर घेतला आणि छापील मांड्या आणि गुडघे घासायला सुरुवात केली. गुळगुळीत कागदावरची शाई आधी हट्टाने बसून राहते, मग एकदम सुटते. निळसर भुकटी टेबलावर, बोटांवर, चष्म्याच्या काचेवर जमू लागली, आणि दहा मिनिटांत मला शिंका येऊन खिडकी उघडावी लागली. माझी धूळ कागदाची आणि शाईची होती, सिलिकाची नव्हती; तिच्याशी माझी गाठ पडणार होती ती फक्त त्या दुपारपुरती. तरीही एका हस्तव्यवसायाची कृती दुसऱ्या हस्तव्यवसायाच्या कृतीवर अशी तंतोतंत बसेल, हे मला आधी सुचले नव्हते. मी घासत गेले, उडालेल्या रंगाच्या जागी पांढरा कागद दिसू लागला, तोही झिजला, आणि शेवटी दोन्ही गुडघ्यांवर भोके पडली. त्या भोकांच्या मागे मी मुद्दाम काही ठेवले नाही.

पुढचे कोलाज याच धुळीच्या मागावर गेले, आणि मला पुन्हा स्वयंपाकघरात घेऊन आले. हल्लीच्या जाहिरातींतल्या स्वयंपाकघरांचे ओटे एकसंध, डागरहित आणि संगमरवरासारखे दिसतात. त्यांतले पुष्कळसे कृत्रिम दगडाचे असतात. क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, चुरा रेझिन या कृत्रिम राळेत घट्ट बांधून केलेल्या या दगडात सिलिकाचे प्रमाण 90 टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. नैसर्गिक संगमरवरात ते अगदी थोडे असते. पाट्या कापताना, त्यांच्या कडा घोटताना आणि विशेषतः त्या पाण्याशिवाय कोरड्याच कापताना जी धूळ उडते, तिच्यामुळे इस्राएल, स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका अशा देशांत तरुण कारागिरांना सिलिकोसिस झाला, आणि त्यांच्यातल्या काहींवर फुप्फुसे बदलण्याची वेळ आली. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडाची निर्मिती, पुरवठा आणि वापर यांवरच बंदी घातली. धोक्याची सूचना लिहिणे, मास्क देणे, पाणी सोडून कापणे हे सर्व उपाय चर्चेत असताना एका देशाने वस्तूच बाजूला सारली, ही घटना मला मोठी वाटते, आणि तिची चर्चा ओट्यांच्या रंगछटांच्या चर्चेपेक्षा कितीतरी कमी झाली याचे वाईटही वाटते.

ओट्यामध्ये भांडी धुण्याच्या बेसिनसाठी जो मोठा चौकोन कापतात, तो कापताना पुष्कळ धूळ उडते. मी जाहिरातीतल्या ओट्यातून बरोबर तेवढाच चौकोन कटरने कापून काढला. रोझलर यांच्या दारापलीकडे सैनिक होते. माझ्या चौकोनापलीकडे जाहिरातीच्या त्याच पानाची पाठची बाजू वळवून लावलेली आहे, आणि त्या बाजूला योगायोगाने एका खोकल्याच्या औषधाची जाहिरात छापलेली होती. असे योगायोग रचता येत नाहीत. रचले तर ते लगेच ओळखू येतात, म्हणून मी मासिकाच्या पानाची मागची बाजू आता नेहमी आधी पाहून घेते.

राना प्लाझाकडेही मी नंतर वेगळ्या वाटेने परतले. ढिगाऱ्यातून मृतदेहांबरोबरच कपड्यांवर शिवायची लेबले आणि मागणीची कागदपत्रे सापडली. आपला माल तिथे शिवला जात होता की नव्हता, याविषयी काही कंपन्यांनी हात झटकायला किंवा मौन पाळायला सुरुवात केली, तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी हीच चिंधीएवढी लेबले पुढे केली. कंत्राट आणि उपकंत्राट यांच्या साखळीत जबाबदारी इतकी पातळ होत जाते की शेवटी दोरा पकडायला लेबलच उरते. त्या लेबलावरही कपडा शिवला गेला तो देशच काय तो लिहिलेला असतो. कापूस कुठे पिकला, सूत कुठे कातले, कापड कुठे विणले आणि कोणाच्या हातांनी रंगवले, याचा पत्ता त्यावर नसतो. मी माझ्या जुन्या कपड्यांची लेबले उसवली आणि ती एका पांढऱ्या शर्टाच्या छापील चित्रावर, जिथे जिथे शिवण असायला हवी तिथे तिथे, एकापुढे एक चिकटवली. शर्टाचा आकार लेबलांनीच आखला गेला. माझ्या पहिल्या, भिजवून सुट्या केलेल्या कोलाजमधला मॉडेलही मी यात परत वापरला, पण त्याचा चेहरा कागदाच्या चौकटीबाहेर जाईल असा.

या कामात एक धास्ती कायम असते, ती म्हणजे बाजार टीकेलाही विकायला काढतो. अमेरिकन कलावंत बार्बरा क्रूगर यांनी तरुणपणी एका फॅशन मासिकात मांडणीचे काम केले होते, आणि तिथले कसब त्यांनी पुढे उलट दिशेने वापरले. त्यांच्या 1987 च्या कामात एका हाताने पत्त्यासारखी धरलेली पाटी आहे आणि तिच्यावर मी खरेदी करते म्हणून मी आहे, अशा अर्थाचे वाक्य आहे, ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ या तत्त्वज्ञ देकार्तच्या विधानाची ती मोडतोड. काही वर्षांतच ते वाक्य खरेदीच्या पिशव्यांवर छापले गेले, आणि त्यांची लाल पट्टीवरच्या पांढऱ्या जाड अक्षरांची शैली कपड्यांच्या एका नाममुद्रेने आपली ओळख म्हणून उचलली. पिशवीवर छापण्यातला उपरोध मला समजतो, पण पिशवी हातात घेऊन दुकानातून बाहेर पडणाऱ्याला तो कितपत टोचतो याविषयी मी साशंक आहे. फाटक्या कडा, वाकडी अक्षरे, चिकटपट्टीचे तुकडे हे सगळे तर आता जाहिरातीच संगणकावर तयार करून वापरतात. फक्त दिसण्यात कोलाज असून भागत नाही, हे त्यावरून कळते. माझ्या टेबलावरचा गोंद, कटरची पाती आणि प्रिंटरची शाई कोणत्या हातांतून आली, याची माहितीही मला नाही, आणि ही गोष्ट मी प्रत्येक चित्राच्या पाठीमागे वापरलेल्या साहित्याच्या यादीत तशीच लिहून ठेवते.

जीन्सच्या चित्राचे एक काम मात्र अर्धवट राहिले आहे. घासताना जमलेली निळी भुकटी मी फेकली नव्हती. ती एका पारदर्शक पाकिटात भरून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे जाहिरातीत किमतीचा आकडा होता, तिथे चिकटवली. साऱ्या जीन्सचा उडालेला रंग चिमूटभरच निघाला. पाकिटाचे तोंड मी बंद केले नाही, आणि आता अडचण अशी झाली आहे की चित्र उभे केले किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले की थोडी भुकटी खाली सांडते, म्हणून सध्या ते टेबलावर आडवेच ठेवले आहे.